भरवशाच्या म्हशीला…

द्वितीय वर्ष, कला

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारली, त्याने काँप्युटर पाहिलेला नव्हता. परंतु आज ही म्हण सर्वांत अधिक कोणाला लागू पडत असेल, तर ती या यंत्रालाच. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असते, नेमका त्याच दिवशी पडदा निळा होतो. प्रकल्पाची शेवटची पाने टाईप करायची असतात, त्याच रात्री हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागते. मग दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चर्चा रंगते. एक म्हणतो, "विंडोज घेतलंस ना, भोग आता!" दुसरा म्हणतो, "मॅक घे, दहा वर्षं बघायला नको." तिसरा या दोघांकडे करुणेने पाहतो आणि लिनक्सचे नाव घेतो. चहा संपतो, वाद संपत नाही.

माझ्या मते हा वाद ज्या पद्धतीने चालतो ती पद्धतच चुकीची आहे. आपण यंत्राच्या नावावरून भरवसा ठरवतो. ते कोठे चालणार, कोण चालवणार, बिघडले तर कोण दुरुस्त करणार, हे विचारत नाही. मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत बसून लिहिलेला निकाल किहीमच्या घरात जसाच्या तसा लागू पडेल असे आपण धरून चालतो. शिवाय हा प्रश्न हौसेचा नाही. ज्याच्या घरी तीन यंत्रे आहेत त्याचे एक बंद पडले तर ती गैरसोय झाली. परंतु ज्या घरात आजवरचे पहिलेच यंत्र पांढऱ्या कांद्याच्या एका हंगामाच्या पैशातून आले आहे, तेथे ते बंद पडणे म्हणजे मुलाचे वा मुलीचे वर्ष धोक्यात येणे होय. आपल्या महाविद्यालयात अशी घरे थोडी नाहीत. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

प्रथम इतिहास पाहू, कारण निम्मे गैरसमज जुन्या आठवणींतून आलेले आहेत. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला, ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ साली, आणि लिनक्स १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतले. नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेले विंडोज ९५ आणि ९८, तसेच त्या काळचे मॅक, या दोहोंत एक मूलभूत दोष होता. एखाद्या प्रोग्रॅमने चूक केली, तर ती चूक सगळ्या यंत्राला खाली बसवू शकत असे. एका बिऱ्हाडात दिवा कलंडावा आणि सगळी चाळ जळावी, तसा हा प्रकार. विंडोज ९५ व ९८ मध्ये तर आणखी एक गंमत होती. यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजणारा एक आकडा त्यात होता. तो आकडा ४९.७ दिवसांनी भरून जात असे आणि यंत्र थिजून बसत असे. हा दोष १९९९ साली, म्हणजे विंडोज ९५ बाजारात आल्यावर चार वर्षांनी, उघडकीस आला. एवढा उशीर का लागला? तर सलग एकोणपन्नास दिवस चालत राहिलेले विंडोज फारसे कोणी पाहिलेच नव्हते! आमच्या किनाऱ्यावर तर तो कधीच सापडला नसता, कारण एकोणपन्नास दिवसांत एकदाही लाईट गेली नाही असे येथे घडणे कठीण.

पुढे हे चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टने १९९३ सालीच 'एनटी' नावाची निराळी, भक्कम प्रणाली कचेऱ्यांसाठी काढली होती. २००१ साली एक्सपीच्या रूपाने तीच घरच्या यंत्रांवर आली. त्याच वर्षी ॲपलने आपली जुनी प्रणाली बाजूला सारून युनिक्सच्या पायावर उभारलेली नवी प्रणाली आणली. लिनक्स तर पहिल्यापासून युनिक्सच्याच वळणाचे. म्हणजे २००१ नंतर तिन्ही घराण्यांत प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र खोली मिळाली आणि एकाची आग दुसऱ्याला लागेनाशी झाली. तेव्हा 'विंडोज सारखे कोसळते' हे वाक्य आपण आज उच्चारतो तेव्हा पुष्कळदा आपल्या जन्माच्याही आधीची तक्रार पुढे चालवत असतो.

लाईट अचानक गेली तर काय, याचेही उत्तर तिघांनी जवळजवळ सारखेच शोधले. वाणी जशी आधी कच्च्या वहीत नोंद करतो आणि मग खातेवही लिहितो, तसे डिस्कवर काही बदल करण्यापूर्वी त्याची नोंद आधी करून ठेवायची. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंद पाहून हिशोब जुळवायचा. विंडोजच्या एनटी शाखेत ही सोय १९९३ पासून, लिनक्समध्ये २००१ च्या सुमारास आणि मॅकमध्ये २००२ साली आली. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही नोंदवही डिस्कची घडी वाचवते, तुम्ही सेव्ह न केलेले पान वाचवत नाही. आणि आपण खिशात घेऊन हिंडतो त्या बहुतेक पेनड्राईव्हवर ही सोय नसते. लिहीत असतानाच उपटून काढलेला पेनड्राईव्ह रिकामा दिसला, तर त्यात नवल ते काय?

मग आज कोणाची पाटी कोरी आहे? कोणाचीच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती हे खरे, परंतु पडदे निळे झाले ते विंडोजचेच. ॲपलने २०१५ पासून काही वर्षे आपल्या लॅपटॉपना जो अतिपातळ कीबोर्ड बसवला, त्यात धुळीचा कण शिरला की कळ अडकत असे. २०१८ साली कंपनीला तो मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली आणि पुढे अमेरिकेत नुकसानभरपाईही मान्य करावी लागली. लिनक्सच्या बाबतीत, मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका साध्या उपयुक्त प्रोग्रॅममध्ये कोणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवला असल्याचे उघड झाले. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध एका चिकाटीच्या अभियंत्याने घेतला म्हणून ते लक्षात आले. नाही तर काय अनर्थ झाला असता याची कल्पनाच करावी. चिपा बनवणारेही यातून सुटलेले नाहीत. १९९४ साली इंटेलच्या पेंटियमला काही भागाकारच चुकीचे येत होते, आणि त्यापायी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा खर्च सोसावा लागला.

याचा अर्थ तिन्ही प्रणाली सारख्याच आहेत असा नव्हे. त्यांच्यातील फरक आता नावात राहिलेला नाही, तो परिस्थितीत आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. ही परिस्थिती आपल्या किनाऱ्यावर कशी आहे?

किहीमची हवा मुंबईकरांना फार आवडते. शनिवार-रविवारी ते ती खायला येतात. काँप्युटरला मात्र ती मानवत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच विरघळते. पावसाळ्यात घरातील मिठाच्या बरणीत हे कोणालाही दिसते. जे बरणीत होते तेच यंत्राच्या पोटात पट्टीवर बसलेल्या कणाचे होते. खारे पाणी विजेला वाट देते आणि तांब्याला गंजवते. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा आणि ती पुन्हा बसवायची, हा उपाय आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत 'काँप्युटर चालू होत नाही' या तक्रारीवर अनेकदा तेवढाच इलाज पुरतो. त्यात विंडोजचा दोष नाही आणि लिनक्सचा गुणही नाही.

या कसोटीवर तिघांना घासून पाहू. ज्या यंत्रात पंखा आहे ते बाहेरची खारी हवा सतत आत ओढते. २०२० सालच्या अखेरीस आलेल्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. तेव्हा हवेपुरता मॅकला एक गुण द्यायलाच हवा. परंतु त्याच मॅकमध्ये साठवणुकीची चिप मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. पट्टी गंजली की तिच्याबरोबर आतला मजकूरही गेला. जुन्या डेस्कटॉपची पट्टी जळाली तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावता येते. येथे साध्या, जाड्याभरड्या डेस्कटॉपला गुण. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असल्यामुळे लाईट गेली तरी तो चालत राहतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर तो तत्क्षणी आडवा. व्होल्टेज २३० च्या आसपास असावे असे पुस्तकात लिहिलेले असते, परंतु आंब्याची फांदी तारेवर घासत असताना ते किती वर-खाली होते ते घरातल्या दिव्याकडे पाहूनच कळते. तेव्हा भरवशाच्या दृष्टीने लॅपटॉप की डेस्कटॉप, यूपीएस आहे की नाही, हे प्रश्न विंडोज की मॅक या प्रश्नापेक्षा आमच्याकडे कितीतरी मोठे आहेत. आणखी एक. पुष्कळ घरांत यंत्र जपायचे म्हणून त्याला प्लॅस्टिकचे आवरण घालून महिनोन्महिने बंद ठेवतात. आवरणाखाली ओल कोंडते. रोज तासभर चालवलेले यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते. वापरले की झिजेल, ही आपल्या घरांतील काटकसरीची समजूत येथे उलटी पडते.

आता आकड्यांविषयी. हार्ड डिस्कच्या जाहिरातीत दोन बिघाडांमधला सरासरी काळ दहा लाख तास असा लिहिलेला असतो. दहा लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. मग आपली डिस्क पणतूपर्यंत टिकणार काय? मुळीच नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की अशा हजार डिस्का वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतल्या सुमारे नऊ बिघडतील. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्याकडील हजारो डिस्कांच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करीत आली आहे. तेथे वर्षाला साधारणतः एक ते दोन टक्के डिस्का जातात असे दिसते, आणि त्या तर थंड, कोरड्या, अखंड विजेच्या खोलीत असतात. आता मला सांगा, 'माझ्या मामाचा मॅक आठ वर्षे चालला' या एका उदाहरणावरून आपण काय सिद्ध करतो? हजारांतल्या नऊंपैकी आपण नव्हतो, एवढेच.

याहून महत्त्वाचा हिशोब दुरुस्तीचा आहे. समजा, एक यंत्र वर्षातून एकदाच बिघडते, परंतु दुरुस्तीला तीस दिवस लागतात. दुसरे वर्षातून तीनदा बिघडते, पण प्रत्येक वेळी एका दिवसात हाती येते. लोक पहिल्याला भरवशाचे म्हणतील. प्रत्यक्षात पहिले ३६५ पैकी ३३५ दिवस आपल्या कामाचे, आणि दुसरे ३६२ दिवस. आमच्या गावात एका बंगल्यातून आलेले जुने मॅक एका घरी होते. यंत्र देखणे आणि कामाला चोख. परंतु त्याचा चार्जर गेला तेव्हा ते मुंबईला धाडावे लागले, आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद म्हणून रस्त्याने वळसा घालून. शेजारच्या घरातला सेकंडहँड डेस्कटॉप त्याच पावसात दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा अलिबागहून संध्याकाळपर्यंत घरी आला. त्याचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळतो आणि तो बसवणारा मुलगा ओळखीचा असतो. भरवसा हा यंत्राच्या डब्यात बंद होऊन येत नाही. त्यातला निम्मा यंत्राभोवतीच्या माणसांत असतो.

यंत्र शाबूत आहे, चालूही आहे, आणि तरीही भरवशाचे राहिलेले नाही, असाही एक प्रकार आज आपल्यासमोर आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. वैयक्तिक ग्राहकांना सुरक्षेपुरती आणखी एका वर्षाची मुदत नोंदणी करून घेता येईल असे ठरले, परंतु ती मुदतच आहे. विंडोज ११ ला साधारणपणे २०१८ पासूनचा प्रोसेसर आणि 'टीपीएम' नावाची सुरक्षा-चिप लागते. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेले, आजही ठणठणीत असलेले यंत्र केवळ कागदोपत्री म्हातारे ठरले. ॲपल याहून उदार नाही. इंटेलच्या चिपा असलेल्या मॅकसाठी २०२५ सालची प्रणाली ही शेवटची, हे कंपनीने स्वतःच जाहीर केले आहे. या बाबतीत लिनक्स खरोखर वेगळे पडते. टोरवाल्ड्सने ज्या ३८६ चिपेवर काम सुरू केले ती १९८५ सालची. तिला लिनक्सने निरोप दिला तो २०१२ साली. जुन्या यंत्राला इतकी वर्षे घरात ठेवून घेणारे दुसरे घराणे नाही. केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात, आणि तेथली मुले काही अडाणी राहिलेली नाहीत.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे, की नोकरी विंडोजवर मिळते. एमएस-सीआयटीच्या वर्गात बसणाऱ्याला विंडोज हवे. दुकानाचे हिशोब ज्या सॉफ्टवेअरवर लिहितात ते विंडोजवर चालते. लिनक्सवर एखाद्या प्रिंटरशी जुळता जुळत नाही, दुसऱ्याने पाठवलेल्या फाईलची मांडणी कधी विसकटते, आणि अलिबागच्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स दाखवले तर तो प्रथम ते पुसून विंडोज घालण्याचा सल्ला देतो. हे सर्व मला मान्य आहे. म्हणूनच सगळ्यांनी लिनक्स घ्यावे असे माझे म्हणणे नाही. सगळ्यांनी सगळेच एक घेऊ नये, असे आहे.

त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात घडले. जून २०१७ च्या अखेरीस 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला युक्रेनमधील एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मेअर्स्क या जहाज-कंपनीचे जगभरचे काम ठप्प झाले. उरण तालुक्यातल्या न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यात अडकले. सर्वत्र एकाच जातीची यंत्रे, एकमेकांना जोडलेली. एकाला रोग झाला तो सर्वांना झाला. त्या हल्ल्याने वापरलेल्या एका भगदाडावर मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधीच ठिगळ काढले होते, हेही नमूद केले पाहिजे. मेअर्स्कने पुढे दहा दिवसांत सुमारे ४५,००० काँप्युटर नव्याने उभे केले. परंतु ते ज्याच्या आधारे उभे केले, त्या माहितीची एकच प्रत वाचली होती, आणि ती आफ्रिकेतील घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तेथे लाईट गेली होती आणि म्हणून ते यंत्र बंद होते! ज्या भारनियमनाला आपण जन्मभर शिव्या दिल्या त्यानेच एवढ्या मोठ्या कंपनीला तारले, हे वाचून मला हसू आले आणि विचारही करावासा वाटला. तारले ते लाईट जाण्याने नव्हे, तर वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या, न जोडलेल्या एका प्रतीने.

प्रतीचे महत्त्व आम्हाला ३ जून २०२० रोजी दुसऱ्या मार्गाने कळले. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या वाऱ्याने आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, सुरूची झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत पुढे अनेक दिवस अंधार होता. ओल्या घरात विंडोज, मॅक, लिनक्स सर्व सारखेच भिजले. ज्याचा मजकूर दुसऱ्या गावात नातेवाइकाकडच्या डिस्कवर किंवा इंटरनेटवर होता, त्याचा वाचला.

मजकूर वाचणे आणि मजकूर वाचता येणे यांतही अंतर आहे, आणि मराठी विद्यार्थ्याने ते विशेष ओळखले पाहिजे. आपल्या याच वार्षिकाचे काही जुने अंक सीडीवर आहेत. सीडी चालते, फाईलही उघडते, परंतु पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या काळी प्रत्येक मराठी फाँटचे सांकेतिक क्रमांक निराळे असत. तो फाँट नसेल तर मजकूर म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली हरवली आहे. देवनागरीला १९९१ सालीच युनिकोडमध्ये जागा मिळाली होती. ती वापरली गेली असती तर तेच लेख आज कोणत्याही यंत्रावर, अगदी मोबाईलवरही, उघडले असते. ग्रंथालयातील छापील अंक मात्र अजून वाचता येतो. तेव्हा 'विंडोज भरवशाचे की मॅक' या प्रश्नाआधी 'आज लिहिलेले वीस वर्षांनी उघडेल का' हा प्रश्न विचारायला नको का?

आता उपाय. आपल्या संगणक-कक्षात विंडोज १० वर अडकलेली यंत्रे आहेत आणि ती भंगारात काढून नवी घ्यावीत अशी चर्चा कानावर येते. त्यापूर्वी अलिबागच्याच एका जुन्या उदाहरणाकडे मी गुरुजनांचे लक्ष वेधू इच्छितो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झाले. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. परंतु त्या लोकांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, त्या ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. म्हणून आज तेथे शंभराहून अधिक वर्षांची अखंड मालिका आहे. दोन पद्धतींची तुलना कशी करावी याचा याहून चांगला धडा जवळपास मिळणार नाही, आणि तो आपल्या एसटीच्या वाटेवरच आहे.

आपणही तसेच करावे. जुन्या यंत्रांपैकी निम्म्यांवर लिनक्स घालावे. ज्यांना नोकरीच्या तयारीसाठी विंडोज लागते त्यांच्यासाठी विंडोज ११ चालेल अशी मोजकी नवी यंत्रे घ्यावीत. नव्या यंत्रांची संख्या एका-दोनाने कमी पडली तरी चालेल, पण प्रत्येकाला चालू बॅटरीचा यूपीएस असावा. कक्षाच्या दाराशी एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. कोणते यंत्र, कोणत्या दिवशी, कशाने बंद पडले, किती दिवसांनी सुरू झाले, एवढे चार रकाने पुरेत. दोन वर्षांनी ती वही उघडली म्हणजे कँटीनमधल्या वादाला प्रथमच काही आधार मिळेल. तो निकाल किहीम, थळ, रेवदंडा, पोयनाड येथून येणाऱ्या मुलांच्या घरी लागू पडणारा असेल, कारण तो याच हवेत आणि याच विजेवर काढलेला असेल. यंत्र घेताना त्यांचे पालक आम्हालाच विचारतात, "कुठलं घेऊ?" आज आम्ही ऐकीव उत्तर देतो आणि त्या उत्तरावर त्यांचे चाळीस हजार रुपये जातात.

आणि शेवटची विनंती संपादक मंडळास. या वर्षीचा अंक युनिकोडमध्ये जुळवावा आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात: एक महाविद्यालयात, एक इंटरनेटवर आणि एक किनाऱ्यापासून दूर कोणाच्या तरी घरी. छापील प्रत ग्रंथालयात असेलच. म्हैस कोणतीही असो, टोणगा होण्याची शक्यता राहणारच. तेव्हा घरात थोडे दूध आधीच साठवून ठेवलेले बरे.